झेंडे बदलले, गलबते तीच



व्याख्यानाचा विषय काय, असे संयोजकांनी फोनवर विचारले. मी 'पोर्तुगीज' एवढेच म्हणालो आणि पलीकडून लगेच आवाज आला, "वा! म्हणजे वसईची मोहीम!" यात त्यांची काही चूक नाही. पोर्तुगीज म्हटले की आपल्याला 1739 आठवते, चिमाजी अप्पा आठवतात, वसईहून आणून आपल्या देवळांत टांगलेल्या घंटा आठवतात, गोव्यातले इन्क्विझिशन आठवते. जे आपल्या अंगावर आले ते आपल्या लक्षात राहिले. जगरहाटी तशीच आहे.

आज मात्र मी तुम्हाला वसईपासून फार लांब, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नेणार आहे. परक्या वाटेला निघालो, म्हणून घरातली एक वस्तू सोबत घेतली आहे. ही पाहा. मागच्या रांगांना दिसणार नाही, म्हणून सांगतो: कवडी आहे. आजीच्या सारीपाटातली. पट फाटला, सोंगट्या हरवल्या, ही एवढी एक उरली. तुळजापूरच्या आईचे भक्त हिची माळ गळ्यात घालतात आणि आपण मात्र कशाची किंमत शून्य झाली की म्हणतो, 'कवडीमोल'. ही इथे टेबलावर ठेवतो. तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

सुरुवात एका मैदानापासून करू. पोर्तुगालच्या दक्षिण टोकाला लागुश नावाचे बंदर आहे. नायजेरियातले लागोस वेगळे. त्याला नाव मात्र पोर्तुगीजांनीच दिले. 8 ऑगस्ट 1444 या दिवशी, उन्हे चढायच्या आत, लागुशच्या बंदरात गलबतांतून 235 माणसे उतरवली गेली. पुरुष, बाया, कडेवरची पोरे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या वस्त्यांवर छापे घालून पकडून आणलेली. त्यांना गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत उभे केले आणि वाटे घालायला सुरुवात झाली. नवरा एका वाट्यात, बायको दुसऱ्या. मुले या वाट्यातून त्या वाट्यात पळत आईकडे जात आणि आया पोरांना पोटाशी धरून जमिनीवर पालथ्या पडत. हे सगळे लिहून ठेवणारा माणूस राजाच्या पदरचा बखरकार होता, गोमेस यानेश द झुरारा. आपल्याला याचे रडू आले, असेही तो लिहितो. आणि मग त्याच हाताने राजपुत्र हेन्रिकची स्तुती लिहितो! राजपुत्र घोड्यावर बसून हजर होता. पाचवा हिस्सा त्याचा. आपल्याकडे चौथाई होती, तिथे पंचमांश. त्याच्या वाट्याला 46 जीव आले आणि त्याने ते तिथल्या तिथे आपल्या माणसांत वाटून टाकले.

बखरकार रडला आणि त्याने हिशेबही लिहिला. मला या प्रसंगात सगळ्यांत भयंकर वाटते ते हेच. दुष्ट माणसे समजून घेता येतात. डोळे पुसून हिशेब लिहिणाऱ्यांचे काय करायचे?

2009 मध्ये त्याच लागुशमध्ये भूमिगत वाहनतळासाठी खोदकाम चालू होते. जुन्या तटाबाहेर, पंधराव्या शतकात गाव जिथे कचरा टाकत असे तिथे, दीडशेहून अधिक आफ्रिकी माणसांचे सांगाडे निघाले. काहींचे हात बांधलेले असावेत, अशा स्थितीत. त्यांत लहान मुलेही होती. दफन केलेले नव्हते, टाकलेले होते. पुढे वाहनतळ झाला. तिथे गाड्या लागतात.

आता दुसरे ठिकाण, आजच्या घानामधले एल्मिना. जानेवारी 1482 मध्ये दियोगु द आझाम्बुजा हा सरदार शेकडो सैनिक आणि गवंडी-सुतार घेऊन तिथे उतरला. किल्ल्यासाठी पोर्तुगालमधून घडवलेले दगड, चुना, फळ्या, सगळे गलबतांत भरून आणलेले होते. म्हणजे जागा मिळण्याआधीच किल्ला तयार होता, फक्त रचायचा बाकी होता. तिथल्या प्रमुखाने, पोर्तुगीज कागदांत त्याचे नाव कारामान्सा असे येते, फार शहाणपणाचा जबाब दिला. मित्र अधूनमधून भेटले तर प्रेम टिकते, शेजारी येऊन राहिले तर कुरबुरी सुरू होतात, अशा अर्थाचा. आपल्या चाळीतल्या कोणीही हेच सांगितले असते. आझाम्बुजाने गोड बोलून, भेटी देऊन परवानगी मिळवली आणि दुसऱ्या दिवशी त्याचे गवंडी गावकऱ्यांच्या पवित्र खडकावर पहार घेऊन चढले. मारामारी झाली, पुन्हा भेटी झाल्या, किल्ला झाला.

पण हा किल्ला गुलामांसाठी बांधलेला नव्हता. एल्मिना म्हणजे खाण. सोन्यासाठी बांधला होता. आणि हे सोने मिळवायला पोर्तुगीज काय विकत होते? कापड, पितळेची कडी आणि माणसे. पूर्वेकडच्या बेनिनमधून माणसे विकत घ्यायची, साओ तोमे बेटामार्गे एल्मिनाला आणायची आणि तिथल्याच आफ्रिकी व्यापाऱ्यांना सोन्याच्या बदल्यात विकायची. आतल्या मुलखात सोने वाहून नेणाऱ्या तांड्यांना ओझेकरी हवे होते. पोर्तुगीज आफ्रिकेत नुसते गिऱ्हाईक म्हणून गेले, असे आपण समजतो. ते दलाल म्हणून शिरले. बाजार कुठे आहे, कोणाला काय हवे, कोणाचे कोणाशी भांडण आहे, हे सगळे दलालाला आधी कळते.

तिसरे ठिकाण काँगो. इथे थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण मला तिथला एक राजा आवडतो, आणि त्याच्यावर राग पण आहे. 1491 मध्ये काँगोच्या राजाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा मुलगा म्वेंबा अ न्झिंगा, बाप्तिस्म्याचे नाव अफोन्सो. आपण उन्हाळ्यात ज्या नावाचा आंबा खातो, त्या 'हापूस'च्या मागचे नाव हेच. हा अफोन्सो पुढे राजा झाला. पोर्तुगीज शिकला, शाळा काढल्या, मुलाला शिकायला युरोपात पाठवले. तो मुलगा बिशप झाला. लिस्बनच्या राजाला अफोन्सो 'भाऊ' म्हणून पत्रे लिही. ती पत्रे आजही आहेत.

1526 सालच्या पत्रांत हा भाऊ तक्रार करतो. तुमचे व्यापारी माझी माणसे रोज पळवून नेतात. साधी रयतच काय, सरदारांची मुले, माझे नातलगसुद्धा. तुमच्या मालाचा असा मोह पडला आहे की माझेच लोक एकमेकांना पकडून विकतात. मला तुमच्याकडून पाद्री हवेत, शिक्षक हवेत, प्रार्थनेपुरते द्राक्षमद्य आणि पीठ हवे. बाकी काही नको. पत्राचा मथितार्थ असा आहे. पुढे त्याने तीन माणसांची समिती नेमली: विकायला आणलेला माणूस खरोखर युद्धकैदी आहे की पळवलेला, हे तपासायला.

समिती! ऐकून हसू येते ना? आपल्यालाही ही सवय आहे. धंदा बंद करता येत नाही, मग तो नियमानुसार चालला आहे की नाही हे पाहायला समिती नेमायची. मुळात अफोन्सो स्वतः युद्धकैदी विकत होता. त्याचा आक्षेप गुलामगिरीला नव्हता. आपल्या माणसांना, आपल्याला न विचारता, पकडण्याला होता. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. आफ्रिकी राजे या व्यापारात होते. पेशवाईत कुणबिणी विकल्या जात, त्याच्या नोंदी आपल्या दफ्तरांत आहेत, तेव्हा आपण तरी कोणत्या तोंडाने बोलणार? पण घरात एखादे माणूस कामाला बांधून ठेवणे आणि समुद्रापलीकडच्या मळ्यासाठी दर हंगामाला गलबत भरून माणसे पुरवणे, या दोन्हींचे माप एक नाही. अफोन्सोला हा फरक कळला तेव्हा उशीर झाला होता. साओ तोमेवर ऊस लागला होता. उसाला थांबता येत नाही. तोडला की लगेच गाळावा लागतो. आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या कुणालाही विचारा.

इथवर एकच देश होता. आता बाकीचे येतात, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा इथे आहे.

शाळेत आपण शिकतो की स्पर्धा आली की मक्तेदारी मोडते. माणसांच्या व्यापारात काय झाले? 1455 मध्ये पोपने फतवा काढून आफ्रिकेचा किनारा पोर्तुगालला बहाल केला आणि तिथल्या बिगरख्रिस्ती लोकांना कायमचे गुलाम करण्याची मुभा दिली. 1494 मध्ये तोर्देसियासला स्पेन आणि पोर्तुगालने अटलांटिकवर एक रेघ ओढली. रेघेच्या पश्चिमेचे जग स्पेनचे, पूर्वेचे पोर्तुगालचे. आता या रेघेचा परिणाम पाहा. अमेरिकेतल्या रुप्याच्या खाणी स्पेनकडे गेल्या, पण आफ्रिकेचा किनारा त्याच्या वाट्याला आला नाही. स्थानिक लोक देवी-गोवराने आणि मजुरीने मरत होते. मजूर हवेत, पण ते आणायचे कुठून? म्हणून स्पेनने ठेका काढला. त्याचे नाव आसियेन्तो. आमच्या वसाहतींना गुलाम पुरवण्याचा ठेका. दोन राजांनी भांडण मिटवण्यासाठी रेघ ओढली आणि त्या रेघेतूनच पुढच्या अडीचशे वर्षांचे टेंडर निघाले.

हा ठेका आधी पोर्तुगीजांकडे होता, मग जिनोआकरांकडे, मग पुन्हा पोर्तुगीजांकडे, मग फ्रेंचांकडे. 1713 मध्ये उत्रेख्तच्या तहात तो इंग्रजांनी मिळवला. तीस वर्षे, दरसाल 4800 'नग'. माणसे नाहीत, नग. धडधाकट, ठरलेल्या उंचीचा प्रौढ म्हणजे एक नग. मुले, म्हातारे, आजारी यांचे अपूर्णांक. या तहाच्या आनंदात लंडनच्या सेंट पॉलच्या चर्चमध्ये हेंडेलचे खास रचलेले संगीत वाजले. तह शांततेचा होता.

डचांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. 1596 मध्ये मिडलबर्ग बंदरात शंभरेक आफ्रिकी बंदी असलेले एक गलबत आले, तेव्हा गावच्या कारभाऱ्यांनी सांगितले की आमच्याकडे माणूस विकत नाहीत, यांना मोकळे करा. कॅथलिक पोर्तुगीज करतात तसले पाप आपण करायचे नाही, असे वाटणारी माणसे तिथे खरोखर होती. मग 1630 मध्ये डचांनी ब्राझीलचा पेर्नांबुको प्रांत जिंकला. उसाचे मळे हातात आले. मळे आहेत, घाणे आहेत, हात नाहीत. सात वर्षांत त्यांनी एल्मिनावर चढाई केली. किल्ल्यासमोरच्या टेकडीवर तोफा चढवल्या. ती टेकडी पोर्तुगीजांनी दीडशे वर्षांत नीट बांधून घेतली नव्हती. 1637 मध्ये किल्ला पडला. 1641 मध्ये अंगोलातले लुआंडा घेतले; तेसुद्धा त्याच वर्षी पोर्तुगालशी तह झाल्यावर! मिडलबर्गपासून लुआंडापर्यंत फक्त पंचेचाळीस वर्षे. कोणाचा धर्म बदलला नाही, बायबल तेच होते. बदलला तो मळ्यांचा मालक.

याच धामधुमीत अंगोलात एक बाई उभी राहिली. न्झिंगा. 1622 मध्ये ती भावाची वकील म्हणून लुआंडाच्या गव्हर्नरला भेटायला गेली. गव्हर्नर खुर्चीवर, तिच्यासाठी जमिनीवर बैठक. तिने आपल्या दासीला ओणवे व्हायला सांगितले आणि तिच्या पाठीवर बसून वाटाघाटी केल्या. शाळेत आपण आग्र्याच्या दरबाराची गोष्ट ऐकतो, त्या जातीचा हा प्रसंग आहे. पण मला प्रत्येक वेळी ती ओणवी झालेली दासी आठवते. न्झिंगा डचांशी हातमिळवणी करून पोर्तुगीजांशी लढली, ऐंशीच्या आसपास वय होईपर्यंत जगली, झुकली नाही. आणि तीही बंदी विकत होती. बंदुका दुसऱ्या कशाने मिळत नव्हत्या.

मग लुआंडा परत कोणी घेतले? लिस्बनने? नाही. 1648 मध्ये साल्वादोर द साचे आरमार रिओ द जानेरोहून निघाले, ब्राझीलच्या मळेवाल्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पैशावर. वसाहतीने दुसरी वसाहत परत जिंकून आणली. आपल्या मनात नकाशा असतो तो त्रिकोणी: युरोपातून माल, आफ्रिकेतून माणसे, अमेरिकेतून साखर. ब्राझीलच्या बाबतीत बराचसा व्यवहार सरळ रेषेत चाले, रिओ किंवा बाहियापासून आफ्रिकेपर्यंत. वारे आणि प्रवाह सोयीचे, अंगोलाहून पाच-सहा आठवड्यांत ब्राझील. लिस्बन आपले कर मोजत बसले होते.

बाहियाच्या तंबाखूचे उदाहरण देतो आणि हा भाग संपवतो. उत्तम पाने लिस्बनला जायची. तिसऱ्या प्रतीचा, तुटका-फुटका पाला उसाच्या काकवीत भिजवून त्याचे जाड दोर वळायचे आणि ते आफ्रिकेत पाठवायचे. आजच्या बेनिन देशातल्या विदाच्या किनाऱ्यावर लोकांना नेमकी तीच तंबाखू हवी असे, काकवीच्या वासाची. एल्मिनात आता डच बसले होते. त्यांनी ब्राझीलची गलबते बुडवली का? मुळीच नाही. त्यांनी एल्मिनात थांबवून दहा टक्के तंबाखू काढून घेतली आणि पुढे जाऊ दिले. इंग्रज आणि फ्रेंच तीच तंबाखू त्यांच्याकडून विकत घेत, कारण तिच्याशिवाय बंदी मिळत नसत. तोफा एकमेकांवर रोखलेल्या, आणि खाली दोर मोजून घेणे चालू. माणूस विकावा की नाही, यावर या चार राष्ट्रांचे चारशे वर्षांत एकही युद्ध झाले नाही. युद्धे झाली ती कोणी विकावा यावर. म्हणून एक हटला की दुसरा येई आणि दुसऱ्याला हटवायला पहिला अधिक गलबते बांधी.

आकडे एकदाच सांगतो. साडेतीनशे वर्षांहून अधिक काळात सुमारे 1 कोटी 25 लाख माणसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून चढवली गेली. पलीकडे उतरली ती सुमारे 1 कोटी 7 लाख. मधले अठरा लाख समुद्रात. यांतली सुमारे 58 लाख पोर्तुगीज आणि ब्राझीलच्या गलबतांनी नेली, 32 लाखांच्या आसपास इंग्रजांनी. सिनेमे पाहून आपल्याला वाटते की सगळे गुलाम अमेरिकेच्या कापसाच्या शेतात गेले. आजच्या संयुक्त संस्थानांत थेट उतरले सुमारे 4 लाख. एकट्या ब्राझीलमध्ये 48 लाखांच्या वर.

आता ही कवडी.

ही जात मालदीवची. तिथल्या उथळ पाण्यात नारळाच्या झावळ्या टाकून ठेवत, कवड्या त्यांना चिकटत. मग वाळूत पुरून ठेवायच्या, आतला जीव कुजून गेला की धुऊन घ्यायच्या. बंगालमध्ये हिचे चलन होते, आणि पश्चिम आफ्रिकेतही. पोर्तुगीजांनी हे सोळाव्या शतकात ओळखले. मिरी, कापड घेऊन परतणाऱ्या गलबतांना तळाशी वजन लागतेच. दगडाऐवजी कवड्या भरल्या. लिस्बनहून त्या बेनिनकडे. पुढे डच आणि इंग्रजांनी तेच केले. ॲम्स्टरडॅम आणि लंडनला कवड्यांचे लिलाव होत. एकट्या अठराव्या शतकात या दोघांनी मिळून पश्चिम आफ्रिकेत नेलेल्या कवड्या सुमारे 1000 कोटी भरतात. विदाच्या बाजारात मोजदाद अशी होती: चाळीस कवड्यांची एक सर. पाच सरांची एक 'गालिन्या', म्हणजे कोंबडी. वीस कोंबड्यांचे एक 'काबेसा'. काबेसा म्हणजे डोके. सारी नावे पोर्तुगीज, आणि ती डच-इंग्रजांच्या खतावण्यांतही चालू राहिली. एका माणसाला कितीतरी डोकी पडत. हे मी विनोदाने म्हणत नाही.

कवडीबरोबर आपले कापडही गेले. गुजरात, कोरोमंडलचे रंगीत सुती कापड पश्चिम आफ्रिकेत जाई. दीव-दमणचे कापड मोझांबिकला. मोझांबिकचा कारभार 1752 पर्यंत गोव्याच्या व्हाइसरॉयकडे होता, हे किती जणांना माहीत आहे? पणजीला फिरायला जाणारे आपण जुन्या गोव्यातली चर्च पाहतो. त्याच जुन्या गोव्यात, हमरस्त्यावर, घोड्यांच्या शेजारी माणसांचा लिलाव चाले. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या पिरार द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशाने त्याचे वर्णन केले आहे. मोझांबिकहून आणलेल्या त्या माणसांपैकी जे घाटावरच्या जंगलात पळाले, त्यांच्या वंशातले सिद्दी आज उत्तर कन्नड जिल्ह्यात राहतात. काही जण कोकणी बोलतात. जंजिऱ्याचे सिद्दी आपल्याला माहीत आहेत, कारण त्यांच्याकडे तोफा होत्या.

शेवटाकडे येतो. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेले मला दिसले आहे.

1807 मध्ये इंग्लंडने आपला गुलामांचा व्यापार बंद केला आणि मग इतरांनीही करावा म्हणून आरमार पाठवले. त्यात कळकळीची माणसे होती आणि आता आमच्या प्रतिस्पर्ध्यालाही ही मजुरी मिळू नये असा हिशेबही होता. दबावाखाली ब्राझीलने 1831 मध्ये बंदीचा कायदा केला. कोणी पाळला नाही. 'इंग्रजांना दाखवण्यापुरते' असा वाक्प्रचार पोर्तुगीज भाषेत आहे, तो या कायद्याशी जोडला जातो. त्या कायद्यानंतर सात लाखांहून अधिक माणसे चोरून उतरवली गेली. 1850 मध्ये दुसरा कायदा आला, तेव्हा कुठे गलबते आटली.

रिओला वालोंगो नावाचा धक्का आहे. 1811 मध्ये बांधलेला. या भागात उतरवलेल्या माणसांची संख्या नऊ लाखांच्या घरात जाते. 1843 मध्ये सम्राटाची नवी वधू येणार होती, तिला हा धक्का दिसू नये म्हणून त्यावर दगडी फरशी घालून त्याला सम्राज्ञीचे नाव दिले. नंतर त्यावरही भर पडली. 2011 मध्ये बंदराच्या कामात खणताना खालचे ओबडधोबड दगड पुन्हा वर आले. 2017 पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. जवळच एका जोडप्याने 1996 मध्ये घर दुरुस्तीला काढले, तर खाली धक्क्यावर पोचताच मेलेल्यांची दफनभूमी लागली.

ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली 13 मे 1888 या दिवशी. राजकन्या इझाबेलने सही केलेल्या त्या कायद्यात दोनच कलमे आहेत. पहिले म्हणते, आजपासून गुलामगिरी नाही. दुसरे म्हणते, याच्या विरुद्ध असलेले सगळे कायदे रद्द. जमीन, मजुरी, भरपाई यांच्याविषयी त्यात एक शब्द नाही.